राजेबहाद्दर : एका विरळ आडनांवाची कुळकथा

शिक्षकाचा आयुष्यभर हजेरीपटाशीं जितका संबंध येतो तितका दुसऱ्या कोणत्याहि पुस्तकाशीं येत नाहीं. रोज सकाळीं तींच चाळीस-पन्नास नांवें त्याच क्रमानें वाचावयाचीं. कुळकर्णी, पाटील, जाधव, पवार हीं आडनांवें जिभेस इतकीं सरावलेलीं असतात कीं, त्यांस कांहीं अर्थ आहे हेंच आपण विसरून जातों. परंतु एखादें वर्ष असें उगवतें कीं, त्या यादींत एखाद्या अनोळखी आडनांवापाशीं जीभ थबकते. अशाच एका वर्षीं माझ्या वर्गांत राजेबहाद्दर आडनांवाचा एक मुलगा आला. गणितांत त्याची गति बेताचीच होती. एके दिवशीं फळ्यापाशीं तो अडखळला, तेव्हां मी म्हणालों, "काय राजेसाहेब, बहाद्दरी कोठें गेली?" वर्ग हंसला. मुलगा मात्र हंसला नाहीं. शाळा सुटल्यावर तो माझ्या टेबलापाशीं येऊन उभा राहिला व म्हणाला, "गुरुजी, आमचें राज्य कोठें होतें?" मीं त्यास सांगितलें, "घरीं वडिलांस विचार." त्यावर तो म्हणाला, "वडील म्हणतात, गुरुजींस विचार."

त्या प्रश्नाचें उत्तर मला त्या दिवशीं देतां आलें नाहीं. तें पुढें हळूहळू सांपडत गेलें. आज तेंच मी आपणांपुढें ठेवणार आहें.

नाशिककरांस या शोधासाठीं फार दूर जावयास नको. रामकुंडाच्या परिसरांत, गोदावरीच्या पंचवटीकडील तीरावर, तटबंदीनें वेढलेलें एक दगडी शिवालय आहे. देवाचें नांव रामेश्वर. पण या नांवानें तें देऊळ विचारणारा मनुष्य परगांवचा समजावा. गांवांतील लोक त्यास नारोशंकराचें देऊळ म्हणतात. हें देऊळ इ. स. १७४७ मध्यें बांधलें गेलें व त्यास अठरा लक्ष रुपये खर्च आला असें सांगतात. नदीच्या बाजूस तटावर एक प्रचंड घंटा टांगलेली आहे. तिच्यावर १७२१ हा इसवी सन कोरलेला आहे. चिमाजीअप्पांनीं १७३९ मध्यें पोर्तुगीजांपासून वसई घेतली, त्या विजयाची खूण म्हणून ही घंटा येथें आली असें परंपरा सांगते. मेणवली व भीमाशंकर येथेंहि अशाच पोर्तुगीज घंटा आहेत. गोदावरीस पूर आला कीं नाशिकचे वृद्ध लोक पाण्याचें मान दोन खुणांनीं सांगतात : दुतोंड्या मारुतीच्या कोणत्या अंगापर्यंत पाणी चढलें, आणि नारोशंकराच्या घंटेस तें लागलें कीं नाहीं. १९६९ सालच्या सप्टेंबरांतील महापुराची गोष्ट निघाली म्हणजे या घंटेचें नांव निघाल्यावांचून राहत नाहीं.

आतां या नांवाकडे जरा बारकाईनें पाहूं. नारोशंकर हें एका मनुष्याचें नांव आहे असें आपण धरून चालतों. वस्तुतः त्यांत दोन माणसें आहेत. नारो हा पुत्र व शंकर हा पिता. पेशवाईंतील कागदपत्रांत मनुष्याचा उल्लेख बहुधा असाच असतो : आपलें नांव व त्यापुढें बापाचें नांव. विठ्ठल शिवदेव म्हणजे शिवदेवाचा पुत्र विठ्ठल. बाळाजी जनार्दन म्हणजे जनार्दनाचा पुत्र बाळाजी, ज्यांस आपण नाना फडणवीस म्हणून ओळखतों व ज्यांचें कुळनांव भानु होतें. त्या काळीं मनुष्याची ओळख पटण्यास बापाचें नांव पुरेसें असे. आडनांव हें पुढें प्रसंगानुसार जोडावयाचें. कधीं गांवावरून, कधीं हुद्द्यावरून, तर कधीं मुळींच नाहीं.

नारोशंकरांचें मूळ आडनांव दाणी. दाण म्हणजे मालावरील जकात, आणि ती वसूल करणारा तो दाणी. गवळणींची वाट अडवून दाण मागणारा श्रीकृष्ण आपल्या जुन्या काव्यांतून सर्वांस परिचित आहे. तेथील दाण तें हेंच. तेव्हां हें आडनांव मुळांत एका साध्या सरकारी कामाचें नांव होय. नाक्यावर बसावें, बैल मोजावे, गोण्या मोजाव्या आणि पैसा वसूल करावा, असें तें काम.

येथें एक चमत्कारिक गोष्ट दृष्टीस पडते. नाशिक जिल्ह्यांत अठराव्या शतकांत दोन मोठे सरदार होऊन गेले, आणि दोघांचेंहि मूळ आडनांव दाणी. पहिले हे नारोशंकर, आणि दुसरे विठ्ठल शिवदेव. विठ्ठल शिवदेव हे मूळचे सासवडचे. त्यांस निफाड तालुक्यांतील विंचूर गांव मिळालें, आणि त्यांचें घराणें विंचूरकर या नांवानें प्रसिद्धीस आलें. म्हणजे एका दाण्यानें गांवाचें नांव घेतलें व दुसऱ्यानें पदवीचें. तिसरे कित्येक दाणी, ज्यांस गांवहि मिळालें नाहीं व पदवीहि मिळाली नाहीं, ते आजतागायत दाणीच आहेत. आडनांव सारखें म्हणून कूळ एक, व आडनांव निराळें म्हणून कूळ निराळें, असें मानणारांनीं हें उदाहरण नीट लक्षांत ठेवावें. हे तिघेहि एकाच ओळींत उभे राहिले तर कोणीहि त्यांस एका आडनांवाचे म्हणणार नाहीं.

आतां नारोशंकरांच्या चरित्राकडे वळूं. उत्तरेंतील मोहिमांत पुढें आलेला हा पुरुष. १७४२ च्या सुमारास ओर्छ्याच्या प्रदेशांत शिंदे घराण्यांतील ज्योतिबा शिंदे मारले गेले, आणि त्या राज्याचें पारिपत्य करण्याचें काम नारोशंकरांकडे आलें. त्यांतूनच झांशीचा किल्ला व भोंवतालचा मुलूख मराठ्यांच्या हातीं येऊन नारोशंकर तेथील सुभेदार झाले. किल्ला पूर्वींचाच, ओर्छ्याच्या वीरसिंहदेवानें १६१३ मध्यें बांधलेला. नारोशंकरांनीं तो वाढविला. त्या वाढीव भागास शंकरगड म्हणत. किल्ल्याच्या पायथ्याशीं वस्ती करवून त्यांनीं झांशी शहर नांवारूपास आणलें. राणी लक्ष्मीबाईमुळें झांशीचें नांव आज प्रत्येक मुलाच्या मुखीं आहे. पण ज्या शहरासाठीं ती लढली तें वसविणाऱ्याचें देऊळ आपल्या नदीकांठीं उभें आहे, हें नाशिकच्या किती मुलांस ठाऊक असेल?

पंधरा वर्षांनीं, १७५७ मध्यें, पेशव्यांनीं नारोशंकरांस झांशीहून परत बोलाविलें व तेथें दुसरा सुभेदार नेमला. सुभेदारी संपली. पुढें १७६० च्या ऑगस्टांत सदाशिवरावभाऊंनीं दिल्ली घेतली, आणि कुंजपुऱ्याकडे जातांना दिल्लीच्या बंदोबस्तास नारोशंकरांस ठेविलें. कांहीं महिने तरी दिल्लीचा किल्ला व शहर या दाण्याच्या हातीं होतें. पानिपतावर कोंडलेल्या फौजेस दिल्लीहूनच द्रव्य पोंचवावयाचें होतें. जानेवारी १७६१ च्या प्रारंभीं खजिना घेऊन निघालेली एक तुकडी रात्रीं वाट चुकून अफगाणांच्या छावणींत शिरली व कापली गेली. थोड्याच दिवसांत पानिपत झालें, आणि नारोशंकरांस दिल्ली सोडून निघावें लागलें. दिल्लीचा अधिकारहि संपला.

त्यानंतर थोरल्या माधवरावांच्या कारकीर्दीच्या आरंभीं राघोबादादांनीं प्रतिनिधीचें पद मूळ घराण्याकडून काढून आपल्या लहानग्या मुलास दिलें, आणि त्याचे मुतालिक म्हणून नारोशंकरांस नेमलें. मुतालिक म्हणजे पदाचा प्रत्यक्ष कारभार पाहणारा. परंतु १७६३ मध्यें माधवरावांनीं तें पद भवानरावांस परत दिलें. मुतालकीहि संपली.

श्रोतेहो, या चरित्रांतून किती आडनांवें निघूं शकलीं असतीं तें पाहा. झांशी वसविली म्हणून झांशीकर. दिल्ली राखली म्हणून दिल्लीकर. मुतालिक तर आजहि प्रत्यक्ष प्रचारांत असलेलें आडनांव आहे. मोसम नदीच्या कांठीं त्यांनीं १७४० च्या सुमारास मालेगांवचा भुईकोट बांधावयास घेतला. तो पुरा होण्यास पंचवीस वर्षें लागलीं असें म्हणतात. तेव्हां मालेगांवकर हेंहि आडनांव साजलें असतें. यांपैकीं एकहि टिकलें नाहीं. टिकलें तें दिल्लीच्या बादशाही दरबारांतून मिळालेल्या पदवीचें नांव : राजेबहाद्दर.

असें कां झालें असावें? माझ्या मतें याचें कारण सरळ आहे. सुभेदारी दिली तशी काढून घेतां येते, आणि नारोशंकरांच्या बाबतींत ती तीन वेळां काढून घेतली गेली. पदवी मात्र कोणी परत मागत नाहीं. तिच्या पाठीशीं मुलूख नसतो, फौज नसते, वसूल नसतो. म्हणूनच तिच्यावर कोणाचा डोळाहि नसतो. जें हातचें जाण्यासारखें होतें तें सर्व गेलें; जें नुसतें शब्दांचें होतें तें मुलांस व नातवंडांस मिळालें. आडनांव व्हावयास पिढ्यान् पिढ्या अखंड चालणारी वस्तु लागते, आणि त्या धामधुमीच्या काळांत पदवीहून अधिक टिकाऊ वस्तु दुसरी नव्हती.

हा शब्दहि पाहण्यासारखा आहे. त्याचा पूर्वार्ध संस्कृत व उत्तरार्ध मध्य आशियांतील. बहादुर हा शब्द मोंगल व तुर्क लोकांच्या भाषांतून फारशींत व तेथून आपल्याकडे आला. मंगोलिया देशाच्या राजधानीस १९२४ पासून उलानबातर, म्हणजे लाल वीर, असें म्हणतात. त्यांतील बातर तो आपल्या बहादुराचाच भाऊबंद. दिल्लीच्या दरबारांत हिंदु सरदारास राजा म्हणावयाचें व त्यापुढें बहादुर जोडावयाचें, अशी वहिवाट होती. मराठी माणसानें तो शब्द घेतला, पण जसाच्या तसा घेतला नाहीं. राजास त्यानें आदरार्थीं राजे केलें, आणि बहादुराचा द ठसक्यानें दुप्पट केला. बादशहानें दिलेली वस्तु नाशिकच्या ओसरीवर बसून पुरती मराठी झाली.

कोणी म्हणेल, पदव्या तर पुष्कळ सरदारांस मिळाल्या. त्या सगळ्यांचीं आडनांवें कां झालीं नाहींत? ग्वाल्हेरचे शिंदे अलिजाबहाद्दर म्हणवीत, पण ते शिंदेच राहिले. कोल्हापुराकडील चव्हाणांस हिंमतबहाद्दर ही पदवी होती, पण तिच्याबरोबर चव्हाण हें नांवहि राहिलें. यांतील भेद मला असा वाटतो. मराठा समाजांत सोयरीक जुळवितांना कुळाचें नांव पाहावें लागतें. तें सोडून चालत नाहीं. देशस्थ ब्राह्मणांत विवाहाच्या वेळीं गोत्र व शाखा पाहतात. दाणी म्हटलें काय कीं राजेबहाद्दर म्हटलें काय, गोत्र बदलत नाहीं. म्हणून ब्राह्मण घराण्यांत आडनांव अंगरख्याप्रमाणें बदलतां आलें. ओढा गांवावरून ओढेकर, विंचुरावरून विंचूरकर, लेखणीवरून चिटणीस, फडणीस, पोतनीस. पंचवटींतील काळ्या रामाचें मंदिर सरदार रंगराव ओढेकरांनीं बांधविलें. तें देऊळ व नारोशंकराचें देऊळ अगदीं जवळजवळ आहेत, आणि दोघांच्या बांधविणारांचीं आडनांवें दोन निराळ्या वाटांनीं आलीं आहेत : एक गांवाच्या वाटेनें, दुसरें दरबाराच्या.

आतां हीं बदलतीं आडनांवें स्थिर केव्हां झालीं? याचें उत्तर त्या वसईच्या घंटेपासून सुरू करतों. ती घंटा मूळ एखाद्या ख्रिस्ती देवळांतील. त्या देवळांत एक वहीहि असलीच पाहिजे. कारण ट्रेंट येथील धर्मपरिषदेनें १५६३ मध्यें असा दंडक घातला कीं, प्रत्येक धर्मगुरूनें आपल्या गांवांतील बाप्तिस्म्यांची व विवाहांची नोंद ठेवावी. या एका आज्ञेनें इटलीसारख्या देशांत आडनांवें हलतीं होतीं तीं थिजलीं. वहींत बापाचें जें नांव लिहिलें तेंच मुलाचें, तेंच नातवाचें. वसईच्या ख्रिस्ती घराण्यांतील डिमेलो, परेरा हीं नांवें अशाच वह्यांतून आजपर्यंत आलीं. आपल्याकडे अशी एकच सार्वत्रिक वही नव्हती. नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्या मात्र होत्या व आहेत. यात्रेकरूनें यावें, आपलें नांव, गांव, बापाचें व आज्याचें नांव सांगावें किंवा स्वहस्तें लिहावें, आणि त्याच्या नातवानें पन्नास वर्षांनीं येऊन तें अक्षर पाहून डोळ्यांस पाणी आणावें, असा हा थोर ग्रंथसंग्रह आहे. परंतु त्यानें आडनांवाची सक्ति कोणावर केली नाहीं.

ती सक्ति इंग्रजी अमदानींत झाली, आणि तींत आम्हां शिक्षकांचा हात मोठा आहे. इनामांची चौकशी, कोर्टाचे कागद, १८७२ पासूनची खानेसुमारी, आगगाडीच्या कचेऱ्यांतील नोकऱ्या, आणि या सर्वांच्या आधीं शाळेचें जनरल रजिस्टर. मास्तरांनीं मुलास विचारावें, "तुझें आडनांव काय?" मुलानें जें सांगितलें तें टांकानें लिहिलें गेलें, आणि पुढें दाखला, परीक्षा, नोकरी सगळें त्याच अक्षरांवर चाललें. ज्या क्षणीं तो टांक कागदावर टेंकला त्या क्षणीं जें नांव घरांत चालू होतें तें कायम झालें. एखादा दाणी शंभर वर्षें आधीं शाळेंत गेला असता तर त्याचें आडनांव निराळें ठरलें असतें.

आतां संख्येकडे येऊं. राजेबहाद्दर किती, असा प्रश्न आपण विचाराल. आपल्या देशाची खानेसुमारी धर्म, भाषा, धंदा, शिक्षण यांची गणती प्रसिद्ध करते. आडनांवांची करीत नाहीं. तेव्हां मतदारांच्या याद्या, शाळांचीं रजिस्टरें व क्षेत्रोपाध्यायांच्या नामावळ्या हींच साधनें उरतात. त्यांतहि एक अडचण आहे. कोणी राजेबहाद्दर लिहितो, कोणी राजेबहादूर, कोणी राजेबहादर. माणसाच्या डोळ्यास हें एकच आडनांव दिसतें. संगणकास तीं तीन निराळीं आडनांवें वाटतात. म्हणून नुसता आंकडा सांगण्यापेक्षां हें आडनांव विरळ कां, याचें कारण समजून घेणें अधिक उपयोगी होईल.

तें कारण हिशेबाचें आहे. आडनांव किती पसरेल हें तें ज्या पदावरून आलें त्या पदाच्या जागा किती होत्या, यावर अवलंबून असतें. कुळकर्णी हा गांवचा लेखक. गांवें हजारों, म्हणून कुळकर्णीहि हजारों. आणि त्यांचा एकमेकांशीं रक्ताचा संबंध असण्याचें कारण नाहीं. देशपांडे हा परगण्याचा अधिकारी. परगणे गांवांहून थोडे, म्हणून देशपांडे कुळकर्ण्यांहून थोडे. १९५० च्या कायद्यानें हीं वतनें गेलीं, पण त्यांनीं पेरलेलीं आडनांवें उभ्या महाराष्ट्रांत आहेत. राजेबहाद्दर हें मात्र गांवाचें पद नव्हे कीं परगण्याचें नव्हे. तें एका पुरुषास मिळालेलें मानाचें नांव. त्याचें बीं एकाच ठिकाणीं पडलें.

पदवी म्हणजे विरळ आडनांव, असाहि नियम नाहीं, हें इटलीच्या उदाहरणावरून दिसतें. त्या देशांत कॉन्ती नांवाचें आडनांव बरेंच आढळतें. त्याचा अर्थ उमराव. पण इतके उमराव कोठून आले? खरी गोष्ट अशी कीं, उमरावाच्या घरीं चाकरीस असलेले, त्याच्या जमिनीवर राबणारे, त्याच्या आश्रयानें राहणारे, इतकेंच नव्हे तर थट्टेनें उमराव म्हटले गेलेले, अशा अनेकांस तें नांव चिकटलें. तेथें पदवी घरांतून बाहेर पसरली. आपल्याकडे तसें झालें नाहीं. राजेबहाद्दरांच्या मोतद्दारास किंवा कारकुनास कोणी राजेबहाद्दर म्हटलें नाहीं. त्यांस आपआपलीं नांवें होतीं.

एका बीजापासून वाढणाऱ्या आडनांवास आणखी एक भय असतें. १८७४ सालीं इंग्लंडांत फ्रान्सिस गाल्टन व वॉटसन नांवाचे एक गणितज्ञ धर्मोपदेशक यांनीं, आडनांवें नष्ट कशीं होतात, या प्रश्नाचें गणित मांडलें. त्याचें सार आपणांस घरगुती उदाहरणानें सांगतों. एका पुरुषास दोन पुत्र झाले, त्यांतील एक निपुत्रिक राहिला, दुसऱ्यास एकच पुत्र झाला व तोहि बालपणीं गेला, तर तें आडनांव तिसऱ्या पिढींत संपलें. कन्या असतील, त्यांचा वंश फुलेल. पण आपल्या रूढीप्रमाणें आडनांव त्यांच्याबरोबर जात नाहीं. हजार घरांतून निघालेल्या आडनांवास अशा अपघातांचें भय नाहीं. एका घरांतून निघालेल्यास तें प्रत्येक पिढींत आहे. पूर्वीं जहागीरदार घराण्यांत दत्तक घेण्याची जी चाल होती, तिनें जहागिरीबरोबर कित्येक आडनांवांचेहि प्राण वांचविले.

या घराण्याच्या वैभवाचा शेवट मालेगांवच्या किल्ल्यांतच झाला. १८१८ मध्यें पेशवाई बुडत असतां गोपाळराव राजेबहाद्दर यांनीं इंग्रजांच्या संमतीनें आपल्या पूर्वजाचा किल्ला ताब्यांत घेतला. परंतु किल्ल्यांतील अरबांनीं त्यांसच अटकेंत ठेविलें. इंग्रजांनीं वेढा दिला. जवळजवळ महिनाभर लढाई चालून, इंग्रजांकडील दोनशेंहून अधिक माणसें मेलीं किंवा जखमी झालीं, आणि जून महिन्यांत किल्ला पडला. त्यानंतर राज्यकर्ते बदलले. किल्ल्याच्या आवारांत पुढें शाळा भरूं लागली. ज्यानें पदवी दिली त्या बादशाहीची शेवटची पणती १८५७ मध्यें विझली. पदवी मात्र आडनांव होऊन नाशिक व मालेगांव येथील घरांच्या दारांवरील पाट्यांवर राहिली, आणि शिक्षण व नोकरी यांच्या निमित्तानें मुलेंबाळें जेथें गेलीं तेथें त्यांच्याबरोबर गेली.

आतां त्या मुलाच्या प्रश्नाकडे परत येतों. "आमचें राज्य कोठें होतें?" याचें खरें उत्तर असें कीं, राज्य कोठेंच नव्हतें. तुझा पूर्वज राजा नव्हता. तो जकात मोजणाऱ्यांच्या कुळांत जन्मला. त्यानें एक शहर वसविलें, एक किल्ला बांधला, एक देऊळ उभारलें, एका पडत्या राजधानीचें कांहीं महिने रक्षण केलें, आणि प्रत्येक अधिकार त्याच्या हातून गेला. ज्या बादशहानें त्यास राजा म्हटलें त्याच्या स्वतःच्याच हातीं तेव्हां फारसें राज्य उरलें नव्हतें. तुझें आडनांव ही राज्याची सनद नसून केलेल्या कामाचा दाखला आहे. आणि माझ्या अल्प बुद्धीस असें वाटतें कीं, सनदेपेक्षां दाखला अधिक मोलाचा.

हें उत्तर मला त्यास सांगतां आलें नाहीं. तें माझ्या हातीं लागण्यापूर्वींच तो वरच्या वर्गांत गेला होता. शालान्त परीक्षेचे अर्ज भरण्याचे दिवस आले, तेव्हां त्याच्या वडिलांनीं राजपत्रांत प्रसिद्ध करून आडनांव बदलून आणलें. मुलगा कंटाळला होता. वर्गांत थट्टा होते, अर्जाच्या चौकोनांत अक्षरें मावत नाहींत, असें त्यांनीं सांगितलें. नवें आडनांव नुसतें राजे. रजिस्टरांतील जुन्या नांवावर तांबडी रेघ मारून नवें नांव माझ्याच हस्ताक्षरांत लिहिलें गेलें. थट्टेचा आरंभ कोणीं केला होता तें त्यांस ठाऊक नसावें. मला ठाऊक होतें.

आडनांव बदलण्याचा हक्क ज्याचा त्यास आहे, आणि दाण्यांनींहि तें एकदां बदललेंच होतें. परंतु राजे हें आडनांव आपल्याकडे निराळ्या घराण्यांचें, चांद्रसेनीय कायस्थ प्रभु समाजांत पूर्वापार चालत आलेलें आहे. उद्यां त्या मुलाचा नातू आपलें मूळ शोधावयास निघाला तर तो दुसऱ्याच्या वंशवृक्षाखालीं जाऊन बसेल, आणि नारोशंकराच्या देवळावरून जातांना ती घंटा आपली कोणी लागते हें त्याच्या मनांतहि येणार नाहीं. कुळकर्ण्यांतील एक घर कमी झालें तर समुद्रांतून तांब्याभर पाणी गेलें. विरळ आडनांवांतील एक घर गेलें तर विहिरीचा एक झरा बुजला.

म्हणून आपल्या घरीं एखादें लांबलचक, अडचणीचें, लोकांच्या थट्टेस पात्र होणारें आडनांव असेल तर तें छाटण्यापूर्वीं घरांतील वृद्धांस एकदां विचारावें. जुनी पेटी उघडून कागद पाहावेत. नाशिकास आल्यावर आपल्या उपाध्यायांकडे जाऊन नामावळींतील पूर्वजाचें अक्षर पाहावें. आणि माझ्या शिक्षक बंधुभगिनींस एवढीच विनंति कीं, हजेरी घेतांना ज्या आडनांवाचा अर्थ आपणांस माहीत नाहीं त्याचा विनोद करूं नये.

तो मुलगा आज कोठें तरी मोठा गृहस्थ झाला असेल. त्याच्या प्रश्नाचें उत्तर देण्यास मला फार उशीर झाला. कदाचित् हें भाषण त्याच्या कानीं पडेल, या आशेनें मीं तें आज येथें दिलें आहे.